पाणी ओसरल्यानंतरचे वर्ष : आपत्तीनंतर एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचे नैराश्य ओळखण्यासाठी आणि त्यांना सोबत करण्यासाठी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि बाजारपेठेतील व नदीकाठच्या वस्त्यांतील तळमजले बुडाले. त्याच दिवशी सावित्रीच्या पुराने महाडला वेढले आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. पुढचे काही आठवडे राज्यभरातून पाणी, धान्य, चादरी आणि गाळ उपसणारी तरुण मंडळी कोकणात येत राहिली. ती मदत मोलाची होती. तरीही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत सर्वांत कठीण काळ अशी मदत आटोपल्यानंतर सुरू होतो, आणि त्या काळाची तयारी सहसा कोणीही केलेली नसते. कोकणात हे विशेष जाणवते, कारण येथे वाडीवाडीत अशी घरे आहेत की मुले मुंबई, पुणे किंवा परदेशी आहेत, जोडीदार गेलेला आहे आणि घराला कुलूप लागू नये म्हणून एक आजी किंवा एक आजोबा मागे राहिले आहेत. त्या वर्षी तर करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काही महिन्यांतच पूर आला होता. त्यामुळे आधीच माणसांपासून तुटलेल्यांवर हा दुसरा आघात होता.

हे मार्गदर्शन दूर राहणाऱ्या मुलांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि गावातील मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ व महिला बचत गट यांच्यासाठी लिहिले आहे. उदाहरणे प्रामुख्याने कोकणातील पुराची आहेत. पण भूकंप, चक्रीवादळ किंवा दरड यांनंतरही बहुतेक पायऱ्या याच राहतील. माझे म्हणणे असे की या नैराश्यावर उपचार होऊ शकतात, आणि त्यासाठी मदतीचे नियोजन पंधरा दिवसांचे न ठेवता पुढचा पावसाळा संपेपर्यंतचे ठेवावे लागते.

पायरी पहिली : कोणता काळ जोखमीचा, हे आधी जाणून घ्या

पूर ओसरल्यावर पहिले काही दिवस बहुतेक ज्येष्ठ आश्चर्य वाटावे इतके खंबीर दिसतात. घरात माणसांची ये-जा असते, गाळ काढायचा असतो, तलाठी पंचनाम्याला येणार असतात आणि प्रत्येक जण विचारपूस करीत असतो. या खंबीरपणावरून माणूस सावरला असा निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर काही ठरावीक टप्पे येतात. पहिला टप्पा स्वयंसेवक परतल्यावरचा असतो, साधारण तीन ते सहा आठवड्यांनंतरचा. दुसरा टप्पा कोकणात गणपतीनंतर येतो. २०२१ मध्ये गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला, म्हणजे पुरानंतर सात आठवड्यांनी होती. चाकरमानी आले, घरे भरली, आरत्या झाल्या आणि विसर्जनानंतर गाड्या परत निघाल्या. भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ दिसते आहे आणि घर पुन्हा रिकामे झाले आहे, अशा त्या आठवड्यात कोणी तरी रोज डोकावले पाहिजे. तिसरा टप्पा नुकसानभरपाईची रक्कम हाती आल्यावर किंवा अर्ज नाकारला गेल्यावर येतो, कारण तोपर्यंत तग धरून ठेवणारी एक वाट पाहणे संपलेले असते. चौथा टप्पा पुढच्या जून-जुलैचा आहे. रात्री पावसाचा जोर वाढला की छातीत धडधडणे, अंथरुणावरून वारंवार उठून दाराबाहेर पाणी पाहणे, झोप पूर्ण उडणे असे त्रास तेव्हा नव्याने सुरू होऊ शकतात. जोडीदाराचे वर्षश्राद्ध, लग्नाचा वाढदिवस आणि पुराचा वार्षिक दिवस हेही असेच दिवस असतात. हे सगळे दिवस घरातील दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावेत आणि त्या त्या दिवशी कोण जवळ असेल, हेही त्यापुढे लिहावे.

पायरी दुसरी : पहिल्या आठवड्यात गोळ्या, चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र शोधा

मनाच्या आरोग्याची सुरुवात या वस्तूंपासून करावी, हे वाचताना विचित्र वाटेल, पण मला ती सर्वांत आधीची गरज वाटते. पुरात चष्मा वाहून गेला की वर्तमानपत्र व पोथी बंद होते. श्रवणयंत्र भिजले की माणूस संभाषणातून बाहेर पडतो. कवळी हरवली की जेवण पेजेवर येते आणि चारचौघांत बोलण्याची लाज वाटू लागते. एवढ्यानेच पंधरा दिवसांत माणूस गप्प होतो आणि घरचे त्याला धक्का बसला असे समजतात.

गोळ्यांचा प्रश्न तर तातडीचा असतो. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड आणि हृदयविकार यांची औषधे कोणती चालू होती याची यादी त्याच दिवशी करावी. कागद वाहून गेले असतील तर नेहमीच्या डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारावे. झोपेच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील आणि पुरामुळे त्या एकदम बंद पडल्या असतील, तर अस्वस्थता, थरथर, निद्रानाश आणि क्वचित झटकेही येऊ शकतात. म्हणून त्या पूर्ववत सुरू करण्याविषयी डॉक्टरांशी विनाविलंब बोलावे. चिखलात वावरलेल्या व्यक्तीला ताप आल्यास तो लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्या-चिखलातून होणारा जंतुसंसर्ग) असू शकतो, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच दाखवावे आणि तापातील ग्लानीला मानसिक धक्का समजून थांबू नये.

या दिवसांत त्या व्यक्तीला पुराची हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. मन मोकळे केल्याने बरे वाटते हे खरे असले, तरी आठवणी आग्रहाने उकरून काढण्याचा उपयोग होत नाही, काहींना त्याचा त्रासच होतो. त्यांना सांगावेसे वाटले तर पूर्ण ऐकावे, नाही तर चहा करून शेजारी बसावे.

पायरी तिसरी : दुःख कोणते आणि नैराश्य कोणते, हे पारखा

घर, जनावरे, फोटो, लग्नातली भांडी किंवा जिवाचे माणूस गमावल्यावर रडू येणे, झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे हे स्वाभाविक आहे, आणि त्या दुःखाला आजार म्हणणे अन्यायाचे ठरेल. दुःखाच्या लाटा येतात आणि ओसरतात. मधल्या वेळेत माणूस नातवाचा आवाज ऐकून हसतो, शेजारणीशी बोलतो, आवडीचा पदार्थ चार घास जास्त खातो. नैराश्यात ही मधली मोकळी वेळच नाहीशी होते. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसातील बराच वेळ मन खिन्न असेल किंवा कशातही गोडी उरली नसेल, आणि त्यासोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडली असेल, तर ते नैराश्य असण्याचा दाट संभव असतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत अडचण अशी, की ‘मी उदास आहे’ असे ते फारसे म्हणत नाहीत. त्यांच्या तक्रारी शरीराच्या असतात. अंग दुखते, पोटात गुबारा धरतो, डोके जड होते, पायांत त्राण नाही, पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. तपासण्यांत फारसे काही सापडत नाही आणि घरचे कंटाळतात. दुसऱ्या काहींत चिडचिड हेच मुख्य लक्षण असते. आयुष्यभर शांत असलेले आजोबा दूधवाल्यावर, मुलाच्या फोनवर, सरकारी कर्मचाऱ्यावर संतापू लागतात. तिसऱ्या प्रकारात विसरभोळेपणा वाढतो आणि स्मृतिभ्रंशाची शंका येते. परंतु नैराश्यामुळे आलेला विसरभोळेपणा उपचारांनी बराच सुधारू शकतो, म्हणून ‘वयाचे आहे’ असे म्हणून सोडून देऊ नये.

घरात पाऊल टाकताच काही गोष्टी सांगून जातात. एरवी न चुकणारी देवपूजा थांबली आहे. तुळशीला पाणी नाही. स्वयंपाकघरात दोन दिवसांचा एकच भात आहे. मदतीचे धान्य पोत्यातून काढलेलेच नाही. दाढी वाढली आहे, तेच लुगडे चार दिवस अंगावर आहे. पुराने भिजलेले सामान आवरण्यासाठी शक्ती नाही असे नसून, आवरून काय करायचे असा प्रश्न मनात बसला आहे. ‘माझे काय, आज आहे उद्या नाही’, ‘त्या पाण्याने मलाच का नेले नाही’, ‘तुम्हाला उगाच माझा भार’ ही वाक्ये आपल्याकडे म्हातारपणाची बोलायची रीत म्हणून कानाआड केली जातात. ती पूर्वी कधी तरी उच्चारली जात असतील आणि आता रोज उच्चारली जात असतील, तर हा बदल गंभीरपणे घ्यावा.

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, माणूस वेळ-काळ विसरला, भलतेच दिसू-ऐकू लागले, दिवसा ग्लानी आणि रात्री बडबड असे झाले, तर ते सहसा नैराश्य नसते. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर कमी होणे, लघवी तुंबणे अशा कारणांनी ती अवस्था येते आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते.

पायरी चौथी : विचारा, आणि उत्तरासाठी थांबा

फोनवर ‘बरे आहात ना?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ असेच येते, कारण प्रश्नातच उत्तर भरलेले असते. त्याऐवजी उत्तराला जागा देणारे प्रश्न विचारावेत. ‘काकू, पूर आल्यापासून झोप कशी लागते?’ ‘अण्णा, काल दुपारी काय जेवलात? कोणासोबत?’ ‘रात्री जाग आली की मनात काय येतं?’ ‘गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहतं का?’ ‘पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत आता मन रमतं का?’ यांपैकी शेवटचे दोन प्रश्न जगभर प्राथमिक चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रश्नांसारखेच आहेत. त्यांचा कल नैराश्याकडे दिसला, तर पुढची तपासणी डॉक्टरांवर सोपवावी. डॉक्टरांकडे वृद्धांसाठी खास तयार केलेली, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागणारी १५ प्रश्नांची मापनीही असते.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहणे अनेकांना जमत नाही. ‘धीर धरा’, ‘तुमच्यापेक्षा वाईट अवस्था झालेली माणसे पाहा’, ‘वस्तूंचे काय एवढे, जीव वाचला ना’ अशी वाक्ये प्रेमाने बोलली जातात, पण ऐकणाऱ्याचे बोलणे तेथेच खुंटते. ज्या बाईने चाळीस वर्षे जपलेला सासूचा पितळी डबा गाळात गेला, तिच्या दृष्टीने तो डबा वस्तू नव्हता. ‘तो डबा कुठे असायचा? त्यात काय ठेवायचात?’ असे विचारावे. सल्ला नंतर देता येतो.

पुरुषांबाबत थोडा वेगळा मार्ग घ्यावा लागतो. समोरासमोर बसवून मनाविषयी विचारले की ते उठून जातात. मात्र पन्हळ दुरुस्त करताना, बागेत फिरताना किंवा बँकेच्या रांगेत ते मोकळे होतात. तेव्हा काम सोबत करावे आणि बोलणे त्यातून निघू द्यावे.

पायरी पाचवी : जीव देण्याच्या विचारांविषयी स्पष्ट विचारा

हा प्रश्न विचारल्याने विचार नसलेल्या माणसाच्या मनात तो रुजतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणी तरी विचारले याचा अनेकांना दिलासा मिळतो. शब्द साधे ठेवावेत: ‘जगणं नकोसं वाटतं का? स्वतःच्या जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ उत्तर होकारार्थी आले तर कसे आणि कधी याचा काही विचार केला आहे का, हेही शांतपणे विचारावे. बोलणाऱ्यावर रागावू नये, देवाधर्माचा किंवा मुलांच्या अब्रूचा दाखला देऊ नये आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये.

त्यानंतर त्या व्यक्तीला एकटे सोडायचे नाही. घरातील कीटकनाशके, उंदीर मारण्याचे औषध आणि गोळ्यांचा साठा त्याच वेळी घराबाहेर न्यावा; रोजच्या गोळ्या शेजाऱ्याकडे ठेवून एका दिवसापुरत्या द्याव्यात. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक असून तो चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा आणि जिल्हा रुग्णालय गाठावे. निरवानिरवीची भाषा, दागिने किंवा कागदपत्रे अचानक वाटून टाकणे, खाणे व औषधे मुद्दाम सोडून देणे यांकडेही याच दृष्टीने पाहावे. म्हाताऱ्या माणसाने अन्नपाणी सोडणे हा कित्येकदा न बोललेला निर्णय असतो.

पायरी सहावी : डॉक्टरांकडे कसे न्यावे, काय मागावे

‘मनोविकारतज्ज्ञ’ हा शब्द ऐकून आजी नकार देतील अशी भीती असेल, तर सुरुवात झोपेच्या आणि अंगदुखीच्या तक्रारीपासून, नेहमीच्या डॉक्टरांकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. हे फसवणे होत नाही, कारण त्या तक्रारी खऱ्याच आहेत. आशा कार्यकर्ती ओळखीची असल्यास तिला सोबत घ्यावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो, आणि रत्नागिरीत राज्य सरकारचे प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्या इमारतीविषयी लोकांच्या मनात असलेल्या धास्तीमुळे उपचार लांबवू नयेत. तेथे बाह्यरुग्ण म्हणून तपासून घरी परतणारे रुग्ण पुष्कळ असतात.

जाताना सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात आणि पूर कधी आला, काय गमावले, लक्षणे कधीपासून आहेत, वजन किती उतरले, पूर्वी कधी असा त्रास झाला होता का, हे एका कागदावर लिहून न्यावे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब जीवनसत्त्व १२, साखर आणि सोडियम यांच्या तपासण्या करायच्या का, हे विचारावे. शाकाहारी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब १२ ची कमतरता आढळू शकते आणि ती थकवा, विसरभोळेपणा व उदासी यांना कारणीभूत होऊ शकते.

औषधे सुरू झाली तर काही गोष्टी घरच्यांना माहीत असाव्यात. नैराश्यावरील गोळ्यांचा परिणाम दिसायला सहसा दोन ते चार आठवडे आणि वृद्धांत कधी त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून आठ दिवसांत गुण नाही असे म्हणून त्या सोडू नयेत. ज्येष्ठांना त्या कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ, चक्कर, तोल जाणे किंवा नव्याने आलेला गोंधळ यांवर लक्ष ठेवावे. काही गोळ्यांनी सोडियम उतरते, त्यामुळे असे झाल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. बरे वाटू लागल्यावरही गोळ्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने करतात. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र देऊ नयेत. त्यांनी पडण्याचा धोका वाढतो, सवय लागते आणि मूळ नैराश्य तसेच राहते.

पायरी सातवी : मोडलेला दिवस पुन्हा उभा करा

गोळ्यांइतकाच, आणि सौम्य नैराश्यात कदाचित अधिक, उपयोग या पायरीचा होतो. पुराने घराबरोबर दिवसाची घडीही मोडलेली असते. सकाळी फुले काढणे, दारात रांगोळी, दहाला नाक्यावर पेपर, दुपारी समोरच्या पडवीत गप्पा, संध्याकाळी मंदिर असा जो क्रम होता, त्यातील एकेक दुवा पुरात गेला. परडी वाहून गेली, पेपरचे दुकान बंद पडले, समोरची बाई मुलाकडे कायमची गेली. मनात उत्साह आला की माणूस कामाला लागेल असे आपण धरून चालतो. नैराश्यात हा क्रम उलटा लावावा लागतो. आधी छोटे काम, मग त्यातून थोडी उमेद, मग पुढचे काम.

त्यासाठी जुन्या दिवसाची यादी त्यांच्याकडूनच करून घ्यावी आणि त्यातील सर्वांत सोपी, दहा मिनिटांत होणारी गोष्ट निवडावी. नवे तुळशीचे रोप आणून देणे, फुलांची परडी आणणे, वर्तमानपत्र पुन्हा घरी सुरू करणे ही लहान खर्चाची पण परिणामकारक कामे आहेत. ठरलेली गोष्ट ठरलेल्या वेळी करायची, मन असो वा नसो, आणि ती झाल्यावर कसे वाटले हे संध्याकाळच्या फोनवर सांगायचे. आठवड्याने दुसरी गोष्ट जोडावी. दिवसातून एकदा उजेडात बाहेर पडणे, एकदा कोणाशी तरी प्रत्यक्ष बोलणे आणि एक वेळचे ताजे जेवण, एवढे आधी साधले तरी पुष्कळ झाले.

याच ठिकाणी मदत करणाऱ्यांकडून एक गोष्ट निसटते. आपत्तीनंतर ज्येष्ठांना फक्त घेणारे करून टाकले जाते. पाकीट घ्या, चादर घ्या, सही करा, खुर्चीत बसा. ज्या माणसाने आयुष्यभर वाडीला सल्ला दिला आणि ज्या बाईने चार घरची बाळंतपणे केली, त्यांना हे घेणेच आतून पोखरते. म्हणून त्यांच्याकडून काही मागावे, आणि ते खरोखर गरजेचे असावे. मदत केंद्रावर कोणत्या घरात किती माणसे राहतात हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. २००५ च्या जुलैतील पुरात पाणी कोठवर आले होते, कोणत्या गल्लीत आधी शिरले, हे सांगणारी माणसे तीच आहेत. शेजारच्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यास, गावच्या उत्सवाचा हिशेब, आमसुले-कोकमांची निगा, भिजलेली पुस्तके वाळवणे यांपैकी जे झेपेल ते त्यांच्यावर सोपवावे आणि मग त्यात सतत लुडबुड करू नये.

पायरी आठवी : सोबतीचे वेळापत्रक कागदावर आणा

‘काही लागले तर सांगा’ या वाक्यावर कोणताही स्वाभिमानी म्हातारा माणूस काही सांगत नाही. त्याऐवजी चार-पाच माणसांनी वार वाटून घ्यावेत. सोमवारी मुलाचा व्हिडिओ कॉल, मंगळवारी शेजारच्या वहिनी, बुधवारी ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक आणि त्यासाठी न्यायला येणारा माणूस, शुक्रवारी आशा कार्यकर्ती किंवा मंडळाचा मुलगा, रविवारी सोबत जेवण. वेळ ठरलेली असावी आणि भेट छोटी चालेल, पण ती चुकू नये. नैराश्यातील माणूस चुकलेल्या भेटीचा अर्थ ‘मी नकोसा झालो’ असाच लावतो.

रोजच्या खुणेचीही व्यवस्था करावी. सकाळी आठपर्यंत दार उघडले नाही, दुधाची पिशवी तशीच राहिली किंवा मिस्ड कॉल आला नाही, तर किल्ली असलेल्या शेजाऱ्याने जाऊन पाहावे. किल्ली कोणाकडे असेल हे ज्येष्ठांच्या संमतीने ठरवावे. दूर असलेल्या मुलांनी या शेजाऱ्याला गृहीत धरू नये. त्याच्याशी स्वतः नियमित बोलावे, त्याच्या अडचणी विचाराव्यात आणि वर्षातून काही दिवस तरी स्वतः येऊन त्याला मोकळे करावे. सोबत करणाराही पूरग्रस्तच असतो, हे मुंबईत बसून विसरायला होते.

ज्यांना कोणीच नाही, त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत तेथे माहिती, मार्गदर्शन आणि मानसिक आधार मिळतो. आपण शेजारी किंवा स्वयंसेवक या नात्यानेही तेथे फोन करू शकतो.

पायरी नववी : मुंबईला न्यायचे का, हा निर्णय घाईने घेऊ नका

पुरानंतर मुले येतात, चिखल पाहतात आणि ‘आता येथे राहायचे नाही’ असे ठरवून आईला गाडीत बसवतात. त्यामागचे प्रेम आणि भीती दोन्ही खरी असतात. तरीही दहाव्या मजल्यावरच्या बंद दारामागे, दिवसभर रिकाम्या घरात, ओळखीचा एकही चेहरा नसताना त्या आईचे एकटेपण गावातल्यापेक्षा वाढू शकते.

याविषयी जपानमधील आणि आपल्याकडील भूकंपांनी बरेच शिकवले आहे. जानेवारी १९९५ मधील कोबे येथील भूकंपानंतर जपानमध्ये वृद्ध आणि अपंगांना प्राधान्य देऊन तात्पुरती घरे वाटण्यात आली. हेतू उत्तम होता, परंतु चिठ्ठ्या टाकून केलेल्या या वाटपात जुने शेजार तुटले, आणि त्या वसाहतींत कोणाच्याही नकळत एकटे मरण पावलेल्यांची संख्या पुढील काही वर्षांत दोनशेवर गेली. म्हणूनच २००४ च्या निगाता भागातील भूकंपानंतर यामाकोशी गावच्या लोकांना तात्पुरत्या घरांत वस्तीनिहाय एकत्र ठेवण्यावर भर दिला गेला. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत नव्या जागी गावे वसली. जुन्या गावात वाडे एकमेकांना लागून होते. नव्या गावात सरळ, रुंद रस्ते आणि ऐसपैस भूखंड आले, आणि पायी शेजार गाठणे म्हाताऱ्यांना कठीण झाले. घर मजबूत मिळाले तरी ओटा हरवला, तर म्हातारा माणूस त्या घरात रमत नाही.

म्हणून घर राहण्यास धोक्याचे असेल तर आधी त्याच वाडीत किंवा त्याच गावात उंचावर खोली मिळते का ते पाहावे. शहरात न्यायचेच असल्यास ‘महिनाभरासाठी’ असे स्पष्ट सांगून न्यावे, गावच्या दोन माणसांशी रोज फोन ठेवावा आणि महिन्यानंतर त्यांना खरोखर परत येऊ द्यावे. पुढचा निर्णय त्यांनी गाव आणि शहर दोन्ही नव्याने पाहिल्यावर, त्यांच्या तोंडून होऊ द्यावा. जीवाला धोका, गंभीर नैराश्य किंवा स्वतःची काळजी घेणे अशक्य झालेले असणे, हे मात्र अपवाद समजावेत. तेव्हा थांबू नये.

पायरी दहावी : कागदपत्रांचे ओझे वाटून घ्या

आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, घराचा उतारा आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पुरात गेली की त्यांच्या प्रती मिळवण्यासाठी होणारे हेलपाटे म्हाताऱ्या माणसाला खचवतात. एका तरुणाने एका ज्येष्ठाची फाइल शेवटपर्यंत सांभाळावी. पंचनाम्याची प्रत, अर्जाची पोच आणि तारखा त्यात लावाव्यात. सरकारी निवृत्तिवेतन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, हे पुराच्या धांदलीत विसरू नये. निराधार असलेल्या पासष्ट वर्षांवरील व्यक्तींसाठी श्रावणबाळ योजना आहे, तिची चौकशी तहसील कार्यालयात करावी. सही करण्याआधी कागद त्यांना वाचून दाखवावा, आणि पैसे त्यांच्याच खात्यात येतील याची खात्री करावी. या काळात जमिनीचे किंवा घराचे कोणतेही खरेदीखत, बक्षीसपत्र करण्याची घाई कोणीही करू नये.

पायरी अकरावी : पुढच्या पावसाळ्याची तयारी एप्रिलमध्ये करा

पावसाची भीती वाटणाऱ्या माणसाला ‘घाबरू नका, रोज रोज पूर येत नाही’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण चिपळूणकरांनी २००५ आणि २०२१ असे दोन महापूर पाहिले आहेत. त्या भीतीला उत्तर द्यायचे तर ते तयारीने द्यावे, आणि ती तयारी त्यांच्याशी बसून, त्यांच्या हाताने करावी. किती पाऊस झाला किंवा पाणी कोणत्या खुणेपर्यंत आले की घर सोडायचे, कोणाच्या घरी जायचे, रात्र असेल तर न्यायला कोण येणार आणि तो नसेल तर दुसरा कोण, हे मोठ्या अक्षरांत लिहून टेलिफोनजवळ लावावे. एका जलरोधक पिशवीत पंधरा दिवसांची औषधे, चिठ्ठीची प्रत, जुना पण चालणारा चष्मा, कागदपत्रांच्या प्रती, विजेरी, चार्ज केलेली पॉवर बँक आणि त्यांना जपावासा वाटणारा एखादा फोटो ठेवावा. मौल्यवान सामान मे महिन्यातच माळ्यावर हलवावे. एकदा दिवसाढवळ्या त्या वाटेने त्यांच्यासोबत चालत जाऊन किती वेळ लागतो ते पाहावे, वाटेत पायऱ्या किंवा उतार अवघड वाटला तर दुसरी वाट शोधावी. जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पावसाचा इशारा असलेल्या रात्री त्यांनी शेजारी झोपायला जायचे की शेजारचे कोणी त्यांच्याकडे यायचे, हेही आधीच ठरवावे. त्या महिन्यांत झोप पुन्हा बिघडली, तर गेल्या वर्षी तपासलेल्या डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात कळवावे.